फूल की दोन पाने : मत घेण्याआधी आणि मत घेतल्यानंतर

लेखमाला : सीमा आणि संमती – लेखांक पाचवा

खांडबाऱ्याहून सुरतेकडे जाणारी गाडी धरली की थोड्याच वेळात नवापूर येते. नवापूरचा फलाट काही महाराष्ट्रात, काही गुजरातमध्ये. फलाटावरच्या एका बाकाच्या एका बाजूला ‘महाराष्ट्र’ लिहिले आहे, दुसऱ्या बाजूला ‘गुजरात’. तिकीट खिडकी इकडे आणि स्टेशनमास्तरांची खोली तिकडे. बाहेरगावचे लोक उतरून त्या बाकावर फोटो काढून घेतात. आपल्या भागातल्या माणसाला त्याचे नवल नाही. कुणाचा मामा तिकडे, कुणाची लेक तिकडे दिलेली. ही रेघ १ मे १९६० रोजी पडली.

ती कशी पडली हे मागच्या लेखांकात पाहिले. संसदेने मुंबई पुनर्रचना कायदा केला आणि त्याच्या परिशिष्टात गावांची नावे छापली. नंदुरबार, नवापूर, तळोदा, अक्कलकुवा या तेव्हाच्या पश्चिम खानदेशातल्या तालुक्यांतली दीडशेहून अधिक गावे गुजरातकडे गेली. तापीवर होणाऱ्या उकाई धरणाची गरज त्यासाठी पुढे केली गेली. त्यांतली बरीचशी गावे आज तापी जिल्ह्यातल्या उच्छल आणि निझर तालुक्यांत मोडतात, आणि काही पाण्याखाली गेली. गावकऱ्यांसमोर मतपेटी कुणी ठेवली नाही. राज्यघटनेतही तशी अट नव्हती, आजही नाही. कलम ३ प्रमाणे राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा. राष्ट्रपती संबंधित विधिमंडळाचे मत मागवतात, पण ते मत संसदेवर बंधनकारक नसते. मावची किंवा भिलोरी बोलणाऱ्या माणसाला कुणी विचारलेच असते, तरी मराठी की गुजराती एवढेच विचारले असते. त्याची स्वतःची बोली त्या प्रश्नात कुठेच बसत नव्हती.

या पार्श्वभूमीवर गोव्याचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. प्रदेशाने शेजारच्या राज्यात सामील व्हावे की वेगळे राहावे, हे थेट मतदारांना विचारून ठरवण्याचा प्रसंग प्रजासत्ताक भारतात क्वचितच आला, आणि त्यातला सर्वांत नीट योजलेला प्रसंग १६ जानेवारी १९६७ चा. त्या दिवसाच्या आठवणी पुष्कळांनी लिहिल्या आहेत. त्याआधीची दोन वर्षे आणि त्यानंतरचे दोन महिने मात्र अधिक शिकवणारे आहेत, म्हणून आज त्यांच्याविषयी.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला आणि दमण, दीवसह केंद्रशासित प्रदेश बनला. डिसेंबर १९६३ मध्ये पहिली विधानसभा निवडणूक झाली. काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. सत्तेवर आला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो, आणि मुख्यमंत्री झाले दयानंद बांदोडकर. समोर डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष. मगोचा मूळ कार्यक्रमच महाराष्ट्रात विलीन होण्याचा. त्यामुळे पक्षाचे म्हणणे सरळ होते: लोकांनी आम्हाला निवडून दिले, म्हणजे विलीनीकरणाला कौल दिला. १९६५ मध्ये गोव्याच्या विधानसभेने तसा ठराव केला, महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही केला.

खरा लढा इथे सुरू झाला, आणि तो प्रश्न कसा विचारायचा यावर होता. विरोधकांचे म्हणणे असे की मगोला मत देणाऱ्याने कुळांच्या हक्कासाठी दिले असेल, गावात शाळा यावी म्हणून दिले असेल, भाटकाराला, म्हणजे जमीनदाराला, धडा शिकवायला दिले असेल. त्या मतातून विलीनीकरणाचा होकार वेगळा कसा काढायचा? हा युक्तिवाद मला पटतो. निवडणुकीत माणूस दहा गोष्टींचे मिळून एक मत देतो. त्या दहांतली एक नंतर उचलून ‘यालाच कौल मिळाला’ म्हणणे सोयीचे असते, प्रामाणिक नसते. गोव्यातल्या काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनी दिल्लीत हाच मुद्दा लावून धरला. नेहरू गेले, शास्त्री गेले, इंदिरा गांधी आल्या, आणि अखेर डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा स्वतंत्र कायदा केला.

मत कोण देणार, हा पुढचा पेच. मुंबईत आणि परदेशात हजारो गोवेकर नोकरीधंद्यासाठी राहत होते. त्यांनाही मत द्या, अशी सिक्वेरा यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. गोव्याच्या मतदारयादीत असेल त्यालाच मत. मगोच्या हाती सरकार असताना मतदान निर्भय होईल का, हीही शंका होती. डिसेंबर १९६६ च्या सुरुवातीला बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि कारभार केंद्राच्या हाती गेला. एका पक्षाच्या सरकारने आपल्याच आवडीच्या प्रश्नावर मतदान होताना खुर्ची सोडून बाजूला होणे, याचे मोल आज अधिकच जाणवते. मतपत्रिकेवर पक्षांची चिन्हेही नव्हती. विलीनीकरण हवे असेल तर फूल, केंद्रशासित राहायचे असेल तर दोन पाने. वाचता न येणाऱ्यालाही नेमके कळेल असा प्रश्न, आणि उत्तरे दोनच. दमण आणि दीवच्या मतदारांना गुजरातविषयी असाच प्रश्न विचारला गेला. त्यांनीही वेगळे राहणे पसंत केले.

इथपर्यंतची तयारी चोख होती. एक गोष्ट मात्र राहून गेली. विलीनीकरण कोणत्या अटींवर, हे कायद्यात कुठेही नव्हते. फूल निवडले तर गोव्याच्या सरकारी नोकरांचे काय होईल? कोकणीचे स्थान काय? पणजीचे सचिवालय राहील की मुंबईला जाईल? आणि दारूबंदीचे काय? महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदी होती, तर गोव्यात माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरांपासून गावच्या ताव्हेर्नापर्यंत (दारूच्या गुत्त्यापर्यंत) कितीतरी घरांची चूल त्या धंद्यावर चालत होती. सीमा ओलांडली की कायदा कसा बदलतो आणि त्याचा पोटावर काय परिणाम होतो, हे नवापूर-खांडबाऱ्याच्या लोकांना समजावून सांगायला नको. महाराष्ट्राच्या बाजूने या प्रश्नांना उत्तरे मिळाली ती भाषणांतून. भाषणातल्या आश्वासनावर माणूस पक्षाला मत देईल, कारण पाच वर्षांनी ते मत परत घेता येते. राज्य सोडण्याचे मत परत घेता येत नाही.

महाराष्ट्राच्या प्रचाराचा मुख्य धागा संस्कृतीचा होता. मराठी भजने, मराठी नाटके, मराठी शाळा, पंढरीची वारी. यातले काहीच खोटे नव्हते. गोव्याच्या गावोगावच्या देवळांतली मराठी कुणी बाहेरून आणलेली नव्हती. बहुजन समाजाला पोर्तुगीज राजवटीत जी अक्षरओळख मिळाली नव्हती ती मराठी शाळांनी दिली, आणि बांदोडकरांच्या सरकारने या शाळा खेड्यापाड्यांत नेल्या. पण त्या शाळा तर गोवा वेगळा असतानाच उघडत होत्या. मराठी आपली आहे म्हणून मुंबईचे राज्यही आपले असले पाहिजे, ही दुसरी पायरी मतदाराने आपोआप चढावी असे धरून चालले गेले.

दुसऱ्या बाजूने काय केले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. विलीनीकरणाच्या विरोधातले प्रभावी दैनिक ‘राष्ट्रमत’ मराठीत निघत होते. चंद्रकांत केणी संपादक, आणि उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर. म्हणजे मराठी वाचणाऱ्या हिंदू मतदाराला त्याच्याच वाचनाच्या भाषेत सांगितले जात होते की मराठीवर प्रेम कर आणि दोन पानांवर शिक्का मार. ख्रिस्ती मते आपली आहेतच, तेवढ्यावर निकाल लागणार नाही, हे या मंडळींनी आधीच ओळखले होते. ज्याचे मन अजून ठरलेले नाही अशा मतदाराच्या दारात ती गेली. गावोगाव कलापथके फिरली आणि कोकणी गाणी म्हटली गेली. उल्हास बुयांव यांचा आवाज त्या काळाशी कायमचा जोडला गेला आहे.

मतदान झाले. मतदार होते ३,८८,४३२ आणि त्यांतल्या सुमारे ८२ टक्क्यांनी मत दिले. दोन पानांना १,७२,१९१ मते, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. सासष्टी, मुरगाव, तिसवाडी या जुन्या काबिजादीच्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या, तालुक्यांनी वेगळेपणाकडे कल दिला. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांनी विलीनीकरणाकडे. धर्माच्या रेषेवर मते विभागली हे खरेच आहे. पण निव्वळ धर्मावर मतदान झाले असते तर निकाल उलटा लागला असता, कारण गोव्यात हिंदूंची संख्या जास्त होती. निकाल फिरवला तो मगोला जवळ मानणाऱ्या, तरीही दोन पाने निवडणाऱ्या मतदारांनी.

इथे कथा संपते असे बहुतेक लेखांत वाटते. पण निकालानंतर लगेच, मार्च १९६७ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि मगोला १६ जागा मिळाल्या, युनायटेड गोवन्सला १२. कौल हरलेले बांदोडकर एप्रिलमध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले!

हा निकाल समजून घेतल्याशिवाय सार्वमताविषयी बोलू नये असे माझे ठाम मत आहे. मतदाराने दोन प्रश्नांना दोन वेगळी उत्तरे दिली होती. राज्य वेगळे हवे, आणि त्या राज्याचा कारभार बांदोडकरांकडेच हवा. गोवा विलीन झाला असता तर गोव्याला मुख्यमंत्रीच उरला नसता, त्यामुळे ही दोन उत्तरे एकमेकांना धरूनच होती. सिक्वेरांच्या पक्षाची सारी उभारणी एका नकाराभोवती होती. तो नकार जिंकल्यावर शेतकऱ्यासाठी, कुळासाठी, शाळेसाठी पुढे काय, याचे बहुजनांना पटेल असे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. बांदोडकरांपाशी होते. त्यांनी निकाल धुडकावण्यात शक्ती घालवली नाही, विलीनीकरणाचा प्रश्न मागे पडू दिला आणि कारभाराला लागले. १९७२ ची निवडणूकही त्यांनी जिंकली. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या आणि मगोची सत्ता १९७९ पर्यंत टिकली.

याच्या शेजारी ब्रिटन ठेवून पाहा. २३ जून २०१६ रोजी युरोपीय संघात राहायचे की बाहेर पडायचे यावर मतदान झाले. बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी मतदान स्वतः मागून घेतले होते, पण निकाल विरुद्ध लागला तर काय करायचे याची तयारी प्रशासनाकडून करून घेतली नव्हती. संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने पुढच्याच महिन्यात याला घोर निष्काळजीपणा ठरवले. कॅमेरून यांनी निकालाच्या दिवशीच पायउतार होत असल्याचे जाहीर केले. बाहेर पडणे म्हणजे नेमके काय, व्यापार कसा, आयर्लंडची सीमा कशी, यावर वाद होत साडेतीन वर्षे गेली आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. याउलट २०१४ मध्ये स्कॉटलंडने स्वातंत्र्यावर मतदान घेतले, तेव्हा तिथल्या सरकारने जवळजवळ वर्षभर आधी साडेसहाशेहून अधिक पानांची श्वेतपत्रिका काढली होती: चलन, निवृत्तिवेतन, लष्कर, सगळे त्यात. स्वातंत्र्याची बाजू हरली, ४५ विरुद्ध ५५ अशी. पण मतदाराला आपण कशाला हो किंवा नाही म्हणतो आहोत हे वाचायला मिळाले होते. १९६७ च्या गोव्याला असे काही मिळाले असते तर निकाल बदलला असता का, हे सांगता येणार नाही. विलीनीकरणवाद्यांनी तसे पुस्तक काढायला हवे होते, एवढे मात्र नक्की म्हणतो. भय दूर करण्याची जबाबदारी बदल मागणाऱ्याचीच असते.

जिंकलेल्या बाजूचेही काम अर्धेच झाले होते. कौलाने गोवा केंद्रशासित राहिला, राज्य झाला नाही. भाषेचा प्रश्न तर कुणी विचारलाच नव्हता. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली. १९८० नंतरच्या दशकात राजभाषेसाठी पुन्हा रस्त्यावर उतरावे लागले, रक्त सांडले. ४ फेब्रुवारी १९८७ च्या कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामात वापराची मुभा राहिली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा पूर्ण राज्य बनला, आणि दमण-दीव मागे, केंद्राच्या छायेतच राहिले. १९९२ मध्ये कोकणी आठव्या अनुसूचीत आली. म्हणजे १९६७ मध्ये ज्याला नकार दिला ते एका दिवसात ठरले, आणि ज्याला होकार द्यायचा होता ते मिळवायला पंचवीस वर्षे गेली.

ज्या महिन्यांत गोव्यात कौलाची तयारी चालली होती, त्याच महिन्यांत बेळगाव, कारवार, निपाणीच्या सीमाप्रश्नासाठी न्यायमूर्ती महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला होता. त्याचा अहवाल ऑगस्ट १९६७ मध्ये आला. खेडे हा घटक धरा, भौगोलिक सलगता पाहा, भाषिक बहुसंख्या मोजा आणि लोकेच्छा विचारात घ्या, अशी महाराष्ट्राची मागणी होती. गोव्याला मिळालेली मतपेटी सीमाभागाला मात्र मिळाली नाही. ती का मिळाली नाही, आणि आयोगाने काय मोजले नि काय मोजले नाही, ते पुढच्या आठवड्यात.