उन्हाने गळणारी छपरं

दुबईत वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्या रत्नागिरीत जुलैतला एखादा दिवस तेवढा सहज ओततो. तरी इथे वॉटरप्रूफिंगच्या धंद्यात मला कामाची ददात नाही, कारण छपराची वाट लावतं ते ऊन.

पत्र्याच्या मोठ्या गोदामाचंच बघा. उन्हाळ्यात दुपारी पत्रा ७० अंशांना टेकतो, पहाटे तिशीत उतरतो. १०० मीटर लांबीचं पोलादी छप्पर ४० अंशांच्या फरकाने जवळजवळ ४८ मिलिमीटर वाढतं आणि रात्री तेवढंच आखडतं. हे रोज. पत्रा सरकतो, स्क्रू जागचा हलत नाही. भोक लांबुळकं होतं. रबरी वॉशर तर उन्हाने आधीच चिरलेला असतो.

स्लॅबवर डांबरी मेम्ब्रेनचा थर असतो. त्यातले तेलकट अंश उडून जातात आणि तो जुन्या पापडासारखा तडकतो. बहुतेकदा कठड्याच्या कोपऱ्यात, एक्स्पान्शन जॉइंटवर, नाहीतर एसीच्या पाइपांसाठी पाडलेल्या भोकांशी. मॉलच्या गच्चीवर ही भोकं मोजवत नाहीत. एसीवाले वर येतात, मशीनचं झाकण मेम्ब्रेनवरून फरफटत नेतात आणि निघून जातात. त्यांच्यावर माझा खास राग आहे.

त्यात वाळू. पाणी जायच्या तोंडाशी ती साचत राहते, महिनोन्‌महिने कुणाला पत्ता नसतो. १६ एप्रिल २०२४ रोजी दुबई विमानतळावर चोवीस तासांत १४२ मिलिमीटर पाऊस झाला, अल ऐनकडे २५४. १९४९ पासूनच्या नोंदींत एवढा पाऊस नव्हता. गच्च्यांची तळी झाली आणि उन्हाने पाडलेली एकेक भेग उघडी पडली.

पाणी टपकतं त्याच्या डोक्यावर भोक शोधू नये. ते इन्सुलेशनखालून वाट काढत लांबून आलेलं असतं. म्हणून आम्ही गच्चीचे वाफे पाडतो, तोंडं बुजवतो, दोन दिवस पाणी भरून ठेवतो आणि कुठला वाफा गळतो ते बघतो. नव्या इमारतीत इन्सुलेशन मेम्ब्रेनच्या वर घालून त्यावर खडी पसरली, तर मेम्ब्रेनला ऊन लागतच नाही. मला हीच रीत पटते. खर्चाच्या नावाने मालक कुरकुरतात.

ऑगस्टमधले फोन वेगळे. आभाळात ढग नाही आणि छतातून टपटप. तेव्हा मी गच्चीवर चढतच नाही, फॉल्स सीलिंगची फळी सरकवतो. वर एसीच्या गार पाण्याचा पाइप असतो, सहा-सात अंशांचा. त्याचं वेष्टन कुठेतरी उसवलेलं असतं आणि समुद्रावरची दमट हवा त्यावर पाणी होऊन ठिबकत असते. मग मी एसीवाल्यांचा नंबर देतो.