कोबाल्टने घातलेला खोडा

पहिलं महायुद्ध पेटलं आणि ऑस्ट्रेलियाची पंचाईत झाली. ब्रोकन हिलच्या खाणीत जस्ताचं खनिज मुबलक; पण त्यातून धातू काढण्याचं काम होई जर्मनी-बेल्जियममध्ये. इकडे तोफगोळ्यांच्या पितळेला जस्त हवंच. १९१६ साली इलेक्ट्रोलिटिक झिंक कंपनी स्थापन झाली. टास्मानियात पाण्यावरची वीज स्वस्त, म्हणून होबार्टजवळच्या रिझ्डनची निवड झाली. कंपनीचे कारभारी हर्बर्ट गेप अमेरिकेतल्या अ‍ॅनाकोंडा कंपनीची पद्धत पाहून आले होते. सगळं जमून आलं होतं. आडवा आला कोबाल्ट.

खरं तर पुस्तकी हिशेबाने आम्लाच्या द्रावणातून विजेने जस्त निघायलाच नको. वीज सोडली की ऋणाग्राच्या पत्र्यावर आधी हायड्रोजन सुटायला हवा. जस्ताचा नंबर त्याच्या ०.७६ व्होल्ट मागे. पण स्वच्छ जस्तावर सुटायला हायड्रोजन भलताच कंटाळा करतो. त्याच्या या आळसावर सगळा कारखाना चालतो.

ब्रोकन हिलच्या खनिजातून आलेला कोबाल्ट नेमका हा आळस घालवतो. त्याचे कण पत्र्यावर बसले की हायड्रोजनला सोपी वाट मिळते, थराला भोकं पडतात आणि जमलेलं जस्त पुन्हा विरघळू लागतं. त्यात लबाडी अशी, की सुरुवातीचे काही तास थर झकास चढतो. बिघाड कळेपर्यंत विजेचं बिल मात्र पुरतं चढलेलं असतं.

द्रावणात जस्ताची पूड टाकली की तांबं, कॅडमियम मुकाट्याने खाली बसतात. कोबाल्टही बसायला हवा, पण तो हट्टी. रिझ्डनच्या मंडळींनी मग थेट प्रयोगशाळेच्या कपाटात हात घातला. नायट्रोसो-बीटा-नॅफ्थॉल हे रसायन १८८५पासून कोबाल्ट ओळखायला वापरत; यांनी ते कारखान्यात कोबाल्ट गाळून काढायला लावलं! इतर कारखान्यांची युक्ती याहून धाडसी: जस्ताच्या पुडीबरोबर चिमूटभर अँटिमनी. तोही जस्ताचा वैरीच, पण त्याच्या संगतीने कोबाल्ट बाहेर पडतो. दोघेही गाळातच राहिले पाहिजेत एवढी काळजी घ्यायची.

सर्वांत वाईट जर्मेनियम. लिटरमागे मिलिग्रॅमचा शंभरावा भागही डोकेदुखी ठरू शकतो. फ्रान्समध्ये लेत्रांज यांनी विजेने जस्त काढण्याचं पेटंट घेतलं १८८१ साली. क्लेमेन्स विंकलर यांना जर्मेनियम सापडलं १८८६ साली. म्हणजे पेटंट आधी आलं आणि त्याच्या सर्वांत मोठ्या शत्रूला नाव पाच वर्षांनी मिळालं!

प्रत्येक मळाचा स्वभाव वेगळा. फ्लोराइड जास्त झालं तर जस्त अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला असं चिकटतं की सोलणाऱ्यांचे हात भरून येतात. क्लोराइड शिशाच्या धनाग्राला खातं. मँगनीज मात्र त्याच धनाग्रावर ऑक्साइडचा थर चढवून त्याला जपतं, म्हणून तेवढं मुद्दाम ठेवतात.

एक टन जस्ताला तीन हजारांहून अधिक युनिट वीज लागते. तरीही सेल हाउसमध्ये, म्हणजे वीज सोडून जस्त काढतात त्या विभागात, जस्त उतरेनासं झालं, की जाणकार विजेच्या यंत्रांकडे नंतर वळतो. आधी विचारतो, काल रात्री फिल्टरवर पाळी कोणाची होती?