अंदाज खरंच चुकतो का? डब्यातल्या पावसाचा हिशोब

ऐकायला वेळ नाही पण वाचायला आहे, अशांसाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलताना घेतलेले 'म्हणजे' आणि 'अं' बरेचसे काढलेत, सगळे नाही.

सुरुवात एका चुकीपासून करतो. चूक माझीच.

आमचं गाव बार्शी तालुक्यात. मी पुण्यात कोड लिहितो, अण्णा गावी शेती बघतात. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये सोयाबीन कापून वावरात पडलं होतं, मळणीयंत्राचा नंबर दुसऱ्या दिवशीचा. अण्णांनी फोन केला, "बघ रे तुझ्या मोबाईलमध्ये, ताडपत्री टाकू का?" मी एका ॲपमध्ये बघितलं. 30 टक्के. म्हटलं, "काही होत नाही अण्णा, झोपा निवांत." रात्री पावसाने झोडपलं. शेंगा भिजल्या, दाण्याला डाग पडला आणि आडतीवर भाव पडून मिळाला. अण्णा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुमच्या मशीनला आमचं वावर कुठं माहितीये!"

ते वाक्य डोक्यात बसलं. म्हटलं, अंदाज किती चुकतो ते मोजूच. मोजायला लागल्यावर कळलं, की अर्धी चूक माझ्या वाचण्यात होती. 30 टक्के म्हणजे 'पाऊस नाही' असं नसतंच. असे दहा दिवस आले तर साधारण तिनांत पाऊस पडेल, असा त्याचा अर्थ. आणि पीक उघड्यावर असताना दहांत तीन ही काही छोटी जोखीम नाही.

आता मोजायचं कसं? सरळ कडांचं, सुमारे 11.3 सेंटिमीटर व्यासाचं तोंड असलेलं भांडं किंवा नरसाळं घ्या. त्या तोंडाचं क्षेत्रफळ जवळपास 100 चौरस सेंटिमीटर भरतं. मग हिशोब सोपा: 10 मिलिलिटर पाणी म्हणजे 1 मिलिमीटर पाऊस. औषधाच्या बाटलीबरोबर येतं ते मापाचं झाकणही चालतं. भांडं झाडाखाली, पत्र्याच्या कडेला नको. जवळ भिंत असेल तर तिच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब ठेवा. गच्चीवर वारा पाणी उडवतो, म्हणून अंगण बरं.

वेळ मात्र पाळायचीच: सकाळी साडेआठ. हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस सकाळी 8:30 ला मोजतं आणि त्याच तारखेवर लिहितं. म्हणजे मंगळवारी संध्याकाळी पडलेला पाऊस बुधवारच्या आकड्यात येतो. हे माहीत नसताना मी पहिले पंधरा दिवस चुकीच्या तारखा जुळवत बसलो होतो. आपल्या भाषेत सांगायचं तर टाइमझोनचा बग! बुलेटिनवर अंदाज कधीपासून कधीपर्यंतचा आहे ते दिलेलं असतं, ते आधी बघा.

पुढची गंमत शब्दांची. 'तुरळक ठिकाणी', 'काही ठिकाणी' हे मोघम शब्द नाहीत बरं का, त्यांना आकडे आहेत. तुरळक म्हणजे त्या भागातल्या 25 टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. काही ठिकाणी म्हणजे 26 ते 50, बऱ्याच ठिकाणी म्हणजे 51 ते 75, त्यापुढे बहुतांश ठिकाणी. 'पावसाचा दिवस' धरायला निदान 2.5 मिलिमीटर लागतात. 64.5 पासून जोरदार, 115.6 पासून अति जोरदार.

सोलापूर जिल्हा आहे सुमारे 15 हजार चौरस किलोमीटरचा. आपला डबा एका तळहाताएवढा. 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हटलं आणि आपला डबा कोरडा राहिला, तर अंदाज चुकला असं म्हणता येत नाही. फरक किती असू शकतो? 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला, तेव्हा त्याच शहरात कुलाब्याला 75 सुद्धा नव्हता.

आता गुण द्यायची वेळ, आणि इथे मोठा सापळा आहे. समजा 120 दिवसांत तुमच्या अंगणात 30 दिवस पाऊस झाला. अंदाजाने 50 दिवस 'पाऊस' म्हटलं, त्यातले 25 बरोबर निघाले. उरलेल्या 70 दिवसांत 'नाही' म्हटलं आणि 5 दिवस पडला. म्हणजे 25 अधिक 65, असे 90 दिवस बरोबर. 75 टक्के. आता एखादा माणूस डोळे मिटून रोज 'पाऊस नाही' म्हणत बसला, तरी त्याचेही 90 दिवस बरोबर! त्यालाही 75 टक्के. फरक हा, की अंदाजाने 30 पैकी 25 पाऊस पकडले. या पठ्ठ्याने एकही नाही.

म्हणून वहीत चार रकाने करा: सांगितला-पडला, सांगितला-नाही पडला, नाही सांगितला-पडला, नाही सांगितला-नाही पडला. मग स्वतःला विचारा, मला कोणती चूक महाग पडते? ताडपत्री उगाच टाकली तर तासभर मेहनत वाया. नाही टाकली आणि पाऊस आला, तर हंगाम वाया. अण्णांसाठी दुसरा रकाना त्रासाचा आहे, तिसरा नुकसानीचा. त्यामुळे कापणीच्या दिवसांत आमच्याकडे 'तुरळक' शब्द दिसला तरी ताडपत्री निघते. जूनमध्ये पेरणीच्या वेळी मात्र उलटं. तेव्हा फसवा 'हो' महाग पडतो, म्हणून नुसत्या अंदाजावर नाही, डब्यातला पाऊस आणि मातीतली ओल बघून पेरायचं.

आता रोज पावणेनऊला अण्णांचा व्हॉट्सॲप येतो. नुसता आकडा. कधी '0', कधी '14'. पाऊस नसलेल्या दिवशीचा '0' पण ते चुकवत नाहीत, कारण शून्य नसेल तर वहीला अर्थ नाही. गेल्या ऑक्टोबरमध्ये आकड्याखाली एक ओळ जास्तीची होती: "रात्री आला. झाकलं होतं."

तुमच्या अंगणातही एक डबा ठेवा. पहिल्या महिन्यात अंदाजाबद्दल मत बनवू नका, फक्त लिहीत राहा. तापमान घरी कसं मोजायचं, ते पुढच्या भागात. तोवर, काळजी घ्या!