लाकडाचा लेथ : पहिली खरेदी कशी करावी?



कारखान्याच्या वर्कशॉपमधला लेथ आपण पाहिला असेल. लोखंड कातणाऱ्या त्या लेथमध्ये हत्यार यंत्रातच आवळून बसवलेले असते. लाकडाच्या लेथमध्ये मात्र ते कारागिराच्या हातात असते. लाकूड जागेवर गरगर फिरते आणि टेकूवर हत्यार धरून आपण ते सोलत जातो. लाटणी, रव्या, भोवरे, पलंगाचे पाय, खुरप्याच्या मुठी, तसेच सावंतवाडीची आणि कर्नाटकातील चन्नपट्टणची गोल घडणीची खेळणी हे सारे याच कामातले.

शेतीतून सवड काढून हे काम शिकावे असे घरातल्या एखाद्या तरुणाच्या मनात आले, की पहिला प्रश्न येतो तो लेथ कोणता घ्यायचा हा. पैसा उसाच्या बिलातलाच जाणार, म्हणून चार गोष्टी आधी समजून घेतलेल्या बऱ्या.

१) आधी काम, मग माप. लेथची दोन मापे असतात. एक, किती जाडीचे लाकूड फिरेल. दुसरे, किती लांबीचे बसेल. जाडीचे माप विचारताना नीट खुलासा करून घ्या. कोणी पूर्ण व्यास सांगतो, तर कोणी मध्यापासून पाटापर्यंतची उंची. ५ इंच उंची म्हणजे १० इंच व्यास. लाटणी, मुठी, भोवरे, लहान वाडगे यांना १० इंच व्यास आणि १६ ते १८ इंच लांबी पुरते. पलंगाच्या पायांसाठी लांब यंत्र लागते. पण ती मागणी हाताशी नसेल तर उगाच हत्ती पोसू नये.

२) वजन बघा. शिकाऊ माणसाचा खरा शत्रू म्हणजे थरथर. यंत्र हलले की हत्यार उडते आणि काम खडबडीत होते. म्हणून पाट बिडाचा, जड असावा. पत्र्याचा किंवा पाइपाचा लांबलचक लेथ घेण्यापेक्षा बिडाचा आखूड लेथ केव्हाही चांगला. तो जाड फळीवर बोल्टने आवळा आणि खाली वाळूची पोती ठेवा. ड्रिल मशीनला जोडायचे सांगाडे फार स्वस्त मिळतात, पण ड्रिलची बेअरिंग आडवा दाब सोसण्यासाठी केलेली नसते. असला सौदा शेवटी महागात पडतो.

३) वेग कमी करता आला पाहिजे. कमीत कमी वेग मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या आसपास किंवा त्याखाली असावा. एक ठोकताळा लक्षात ठेवा : लाकडाचा व्यास इंचात घेऊन त्याला फेऱ्यांनी गुणले, तर उत्तर ६००० ते ९००० च्या दरम्यान यावे. म्हणजे ६ इंची वाडग्याला १००० ते १५०० फेऱ्या. ओबडधोबड लाकूड गोल होईपर्यंत मात्र याहूनही हळू फिरवावे. लहान लेथला अर्ध्या हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटार चालते. जुना लेथ घेताना मोटार थ्री फेज नाही ना, हे विचारा. नाहीतर घरी आणल्यावर मोटार बदलण्याचा खर्च उभा राहतो.

४) दुकानात पारख करा. डोक्याकडची आणि शेपटाकडची टोके एकमेकांजवळ आणा. ती नेमकी समोरासमोर भिडली पाहिजेत. फिरता दांडा, म्हणजे स्पिंडल, धरून हलवा; खटखटला तर बेअरिंग गेली समजा. टेकू आवळल्यावर सरकता कामा नये. स्पिंडलच्या आट्यांचे माप लिहून घ्या, कारण चक पुढे त्याच मापाचा घ्यावा लागतो.

५) सगळे पैसे यंत्रात घालू नका. समजा जवळ ३० हजार आहेत, तर यंत्र २० हजारांच्या आत बघावे. उरलेल्यात हायस्पीड स्टीलची तीन-चार हत्यारे, धार लावायचा ग्राइंडर आणि तोंडावरचा पारदर्शक मुखवटा येतो. बोथट हत्याराने महागडा लेथसुद्धा काम देत नाही. जुन्या कानशीची हत्यारे करून वापरू नयेत. कानस कडक खरी, पण ठिसूळ असते आणि झटक्याने तुटून अंगावर येते. लांबट काम सोलायची मोठी गोलची वाडग्याला लावू नये, तेही धोक्याचे.

अंगावर उपरणे, लोंबती बाही, पदर, बांगड्या असताना लेथजवळ जायचं नाही. बटण दाबण्यापूर्वी लाकूड हाताने एक फेरा फिरवून बघायचं, कुठे अडत नाही ना. नाका-तोंडावर फडके बांधण्यापेक्षा धुळीचा चांगला मास्क लावायचा. यंत्राचा मध्य आपल्या कोपराच्या उंचीला येईल असे ते बसवावे, म्हणजे कंबर धरत नाही.

शिकायला लाकूड विकत आणू नये. सरळ रेषांची, भेगा-गाठी नसलेली ओली फांदी सहज सोलली जाते. हात तिच्यावरच बसवावा. बाभूळ, शिसम नंतर. आणि विकायचा माल मात्र वाळलेल्या लाकडाचाच करावा, नाहीतर गिऱ्हाइकाच्या घरी तो तडकतो आणि दुसऱ्यांदा कोणी विचारीत नाही.