कासवाच्या पिल्लांना आभाळातून धोका

दिंडोरी तालुक्यातील वणी परिसरात उन्हे तापू लागली की सप्तशृंग गडाच्या कड्यांलगत वर चढणाऱ्या उष्ण हवेवर घारी तरंगू लागतात. पंख फारसे न हलवता त्या तासन् तास घिरट्या घालतात आणि खालची प्रत्येक हालचाल टिपतात. त्याच डोंगराच्या पायथ्याशी द्राक्षे पिकू लागली की पाखरांपासून घड वाचविण्यासाठी बागांवर जाळी पसरली जाते. अंगणातील कोंबडीची पिल्ले डालग्याखाली झाकली जातात. वरून येणाऱ्या संकटाला वरूनच आच्छादन हवे, हे येथे कोणाला सांगावे लागत नाही. कासवाचा प्रश्न आला की मात्र हे साधे तत्त्व विसरले जाते. पाठीवर ढाल घेऊन जन्मलेल्या प्राण्याला घारीचे काय भय, असा समज त्यामागे असतो.

हा समज पूर्ण वाढलेल्या कासवापुरता बव्हंशी खरा आहे. अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले पिल्लू जेमतेम चार सेंटीमीटर लांबीचे असते आणि त्याचे कवच बोटाने दाबले तरी किंचित लवते. हाडांचे थर जमून ते टणक व्हायला काही वर्षे जावी लागतात. तोवर कावळ्याची चोचही त्याला पुरेशी घातक ठरते. घार तर असे पिल्लू पंजात धरून सहज उचलून नेते. अमेरिकेतील मोहावी वाळवंटात डोमकावळ्यांनी कासवांच्या पिल्लांचा असाच फडशा पाडला आहे. मानवी वस्त्यांतील कचरा आणि पाण्यामुळे तेथे डोमकावळे अनेक पटींनी वाढले. ही कासवे संकटात येण्यामागील कारणांत त्यांचाही समावेश होतो. शेवटी संशोधकांना कासवाची पिल्ले जाळीने झाकलेल्या कुंपणात वाढवून, कवच टणक झाल्यावरच मोकळी सोडण्याचा मार्ग अवलंबावा लागला.

मोठे कासवही सर्वत्र सुरक्षित असते असे नाही. ग्रीस आणि बाल्कन प्रदेशातील सोनेरी गरुड कासव उंचावर नेऊन खडकावर टाकतात व कवच फोडून खातात. ग्रीक नाटककार एस्किलस याच्यावर गरुडाने वरून कासव टाकले आणि त्यातच त्याचा अंत झाला, अशी आख्यायिका रोमन लेखक थोरल्या प्लिनीने नोंदविली आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, गरुडाची ही सवय मात्र खरी आहे.

मग कासवांना छपराखालीच का ठेवू नये? येथेच खरी अडचण आहे. कवच टणक होण्यासाठी चुना, म्हणजे कॅल्शियम लागते आणि ते अंगी लागण्यासाठी लागणारे ड जीवनसत्त्व कासवाच्या त्वचेत सूर्याच्या अतिनील किरणांमुळे तयार होते. साध्या काचेतून हे किरण पुरेसे येत नाहीत आणि पत्र्याखाली तर येतच नाहीत. उन्हाला पारखे झालेल्या पिल्लाचे कवच मऊ राहते, वेडेवाकडे वाढते. म्हणजे जे ऊन कवच घडविते, त्याच उन्हात ते घारीच्या दृष्टीस पडते. ऊन येऊ द्यावे पण पंजा येऊ देऊ नये, एवढीच काय ती मागणी. ती पत्रा किंवा काच पुरी करीत नाही, जाळी करते.

कासव पाळता येते का?

जाळीचा विचार करण्यापूर्वी कायद्याचा विचार करावा लागतो. घरात कासव असले की लक्ष्मी नांदते या भ्रामक समजुतीपायी स्टार कासवांचा चोरटा व्यापार वर्षानुवर्षे चालत आला आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि स्टार कासव पहिल्या अनुसूचीत आले. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ पासूनच कडक बंदी आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासंबंधीच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. आंतरराष्ट्रीय करारात समाविष्ट असलेली परदेशी कासवे बाळगणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. त्यामुळे उघड्यावरील कासव-कुंपणाचा प्रश्न प्राणिसंग्रहालये, जप्त केलेली कासवे सांभाळणारी बचाव केंद्रे आणि रीतसर नोंदणी असलेले मोजके लोक यांच्यापुरताच उरतो. वणीसारख्या ठिकाणी शेतात वा ओढ्याकाठी कासव सापडले तर त्यासाठी कुंपण उभारण्याच्या फंदात न पडता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळविणे हेच योग्य.

वेळासची टोपली

महाराष्ट्रात कासवांच्या पिल्लांना उघड्यावर जपण्याचा सर्वांत मोठा प्रयोग झाला तो कोकणात, समुद्री कासवांसाठी. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात असलेल्या वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये ग्रामस्थांना बरोबर घेऊन हे काम सुरू केले. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी एका घरट्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी घालते. ती अंडी माणसे, कुत्री आणि कोल्हे यांच्यापासून वाचविण्यासाठी किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेत, मूळ घरट्याइतक्याच खोलीवर पुन्हा पुरली जातात. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर पडण्याचा सुमार आला की प्रत्येक घरट्यावर टोपली पालथी घातली जाते. वणीतील कोंबडीचे डालगे आणि वेळासची ही टोपली यांमागील युक्ती एकच.

पिल्लांना पाण्यापर्यंत स्वतः चालू द्यावे लागते, त्यामुळे शेवटच्या काही मीटरांत कोणतीही जाळी उपयोगी पडत नाही. तेथे वेळ आणि पहारा हेच संरक्षण. सकाळी व सायंकाळी, उन्हाचा ताप नसताना, माणसांच्या देखरेखीखाली पिल्ले सोडली जातात. भोवती माणसे उभी असल्याने कावळे, घारी जवळ येण्यास धजत नाहीत. २००६ पासून भरणाऱ्या कासव महोत्सवाला येणारे पर्यटक दोरीपलीकडे उभे राहून नकळत या पहाऱ्यात सामील होतात, ही त्यातील गमतीची बाब.

जाळी कोणती, कशी?

जमिनीवरील कासवांच्या कुंपणासाठी मात्र कायमचे छत लागते. द्राक्षबागेवर टाकतात तशी पातळ नायलॉनची जाळी येथे निरुपयोगीच नव्हे, तर घातक असते. ती सैल लोंबते, शिकारी पक्ष्याचे पंख आणि नख्या तीत गुंततात आणि धडपडीत पक्षी जायबंदी होतो. खाली आलेल्या टोकात कासवाचा पायही अडकू शकतो. जस्ताचा मुलामा दिलेली, जोड पक्के असलेली ताठ तारेची जाळी लोखंडी वा लाकडी चौकटीवर ताणून बसविणे उत्तम. पिल्लांसाठी छिद्र अर्ध्या इंचाचे असावे. छत जमिनीपासून किमान दीड-दोन फूट उंच हवे. कमी उंचीवर जाळीतून नखी किंवा चोच आत पोहोचते. बाजूची जाळी जमिनीत फूटभर गाडली नाही तर घारीपासून वाचलेले पिल्लू मुंगूस किंवा घूस नेते.

कुंपणात दाट गवत, झुडपे आणि पालथी मडकी असावीत. सावलीत दडलेले पिल्लू वरून दिसत नाही, शिवाय दुपारच्या तापातूनही वाचते. उरलेले अन्न संध्याकाळी उचलावे. फळांचे तुकडे कावळ्यांना बोलावतात आणि कावळ्यांची वर्दळ वाढली की घारीचेही लक्ष वेधले जाते. चकाकणाऱ्या फिती, प्लास्टिकचे घुबड असले उपाय बाजारात मिळतात. पक्षी काही दिवस बिचकतात, मग त्यांना सरावतात. सापळा लावणे, विष घालणे हा तर गुन्हाच आहे, कारण शिकारी पक्ष्यांनाही कायद्याचे संरक्षण आहे. शिवाय विषाने मेलेल्या घारीच्या जागी काही दिवसांत दुसरी घार येतेच. वादळी पावसानंतर चौकटीचे सांधे आणि जाळीचे काठ तपासावेत. बहुतेक वेळा वाट तेथूनच मोकळी झालेली असते.