विश्लेषण : सोयाबीन वाशिमचे की ब्राझीलचे, हवामानाला जड कोणते?

वाशिम जिल्ह्यात खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन. जगात सर्वाधिक सोयाबीन पिकवतो तो ब्राझील. मग हरितगृह वायू कोणाच्या शेतातून जास्त निघतात? उत्तर मोजण्याच्या पद्धतीनुसार बदलते आणि त्याचा संबंध थेट बाजाराशी आहे.

शेतातून कोणता वायू निघतो?

भातासारखे सोयाबीनमध्ये पाणी साठवून ठेवत नाहीत, त्यामुळे मिथेनचा प्रश्न मोठा नाही. मुख्य चिंता नायट्रस ऑक्साइडची. नत्रखत आणि कुजणारा पालापाचोळा यांवर जमिनीतील जिवाणूंची क्रिया होऊन तो तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापमानवाढ घडवतो. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 20.7 किलो नत्र असते. त्यातील एक टक्का नत्र या वायूच्या रूपात उडून जाते, असे ‘आयपीसीसी’चे ढोबळ सूत्र आहे. म्हणजे एका गोणीमागे सुमारे 90 किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम. खत कारखान्यातील उत्सर्जन वेगळेच.

एकरी की क्विंटलमागे?

भारतात सोयाबीनचे सरासरी उत्पादन हेक्टरी 10 क्विंटलच्या आसपास, तर ब्राझीलमध्ये त्याच्या तिपटीहून जास्त. समजा, दोन्हीकडे हेक्टरी उत्सर्जन सारखेच आहे, तरी क्विंटलमागे भारताचा आकडा तिप्पट भरतो. पावसाने खंड दिला आणि उतारा घटला की खत, डिझेल तेवढेच लागते, पण वाटेकरी क्विंटल कमी होतात.

मग ब्राझील स्वच्छ ठरतो का?

नाही. जंगल तोडून शेत केले असेल, तर झाडे आणि मातीतील कार्बन हवेत जातो. हा बोजा साधारणपणे 20 वर्षांच्या पिकांवर वाटून मोजतात. तो धरला की शेतातील सगळी बचत पुसली जाऊ शकते. अॅमेझॉनमध्ये नव्याने जंगल तोडलेल्या जमिनीवरील सोयाबीन न घेण्याचा निर्णय व्यापाऱ्यांनी 2006 मध्ये केला. पण सेराडो हा विस्तीर्ण गवताळ-वृक्षांचा पट्टा त्याबाहेर राहिला. वाशिममधील बहुतांश शिवार मात्र पिढ्यान्‌पिढ्या वहितीखाली आहे.

शेतकऱ्याला याचे काय?

31 डिसेंबर 2020 नंतर जंगलतोड झालेल्या जमिनीवरील सोयाबीन नको, असा कायदा युरोपीय संघाने 2023 मध्ये केला. त्याची अंमलबजावणी लांबली असली तरी दिशा स्पष्ट आहे. भारतीय सोयापेंड युरोपात जाते आणि आपले सोयाबीन जनुकबदल न केलेले, ही जमेची बाजू. अडचण पुराव्याची आहे. कायद्याला शेताचे अक्षांश-रेखांश हवेत. बाजार समितीत मात्र अनेकांचा माल एकाच ढिगात मिसळतो.

उपाय काय?

पेरणीपूर्वी बियाण्याला रायझोबियमची प्रक्रिया केली तर मुळांवरील गाठी हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात आणि युरियाची गरज घटते. रुंद सरी-वरंबा पद्धतीत जादा पाणी निघून जाते, खंडात ओल टिकते. त्याच खर्चात दोन क्विंटल जास्त आले, तर क्विंटलमागचे उत्सर्जन आपोआप उतरते; शिवाय ते दोन क्विंटल शेतकऱ्याच्या घरात येतात.