तिसऱ्या शर्यतीचं कोडं

६ जून १९९८. न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर ‘रिअल क्वाएट’ शेवटचं वळण घेऊन सरळ पट्ट्यात आला तेव्हा बाकीचे सगळे त्याच्या बरेच मागे होते. केंटकी डर्बी आणि प्रीकनेस त्याने आधीच मारल्या होत्या. ही तिसरी मिळाली की ट्रिपल क्राउन, आणि वर ५० लाख डॉलरचा बोनस. मग मागून ‘व्हिक्टरी गॅलप’ आला. दोघांनी जोडीने रेषा ओलांडली आणि निकाल फोटोवर गेला. रिअल क्वाएट नाकभर अंतराने हरला.

या शर्यतीवर आजही वाद रंगतो. आपल्याकडे महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर रेसबुक काखेत मारून उभे राहणारेही जूनमधला बेलमाँटचा शनिवार रात्री जागून पाहतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच वाक्यं कानावर येतात. जॉकीने घाई केली. ताजे घोडे आणून मारलं. हल्लीच्या घोड्यांत दमच नाही. ही वाक्यं मनापासून आलेली असतात, पण त्यातली बरीचशी चुकीची आहेत. ती का चुकीची, हे समजायला घोड्याच्या पायांइतकंच कॅलेंडरकडेही बघावं लागतं.

आधी शर्यतींची ओळख. केंटकी डर्बी लुइव्हिलला, मेच्या पहिल्या शनिवारी, सव्वा मैल. दोन आठवड्यांनी प्रीकनेस; तिचं परंपरेचं घर बाल्टिमोरचं पिमलिको, अंतर सव्वा मैलाहून थोडं कमी, सुमारे १९०० मीटर. त्यानंतर तीन आठवड्यांनी बेलमाँट, दीड मैल. पाच आठवडे, तीन शहरं, तीन वेगळी अंतरं. १९१९ ते २०१८ या शंभर वर्षांत हे फक्त १३ घोड्यांना जमलं.

‘यंदा हुकलं, पुढच्या वर्षी घेईल’

नाही घेणार. या तिन्ही शर्यती फक्त तीन वर्षांच्या घोड्यांसाठी आहेत. शिंगरू कुठल्याही महिन्यात जन्मलेलं असो, शर्यतीच्या हिशेबात १ जानेवारीला सगळ्यांचं वय एकदम वाढतं. म्हणजे आयुष्यात एकच मे आणि एकच जून. मे महिन्यात जन्मलेला घोडा जानेवारीत जन्मलेल्यापेक्षा चार महिन्यांनी कोवळा असतो, तरी दोघं एकाच गेटमधून सुटतात.

‘ही फार जुनी, विचारपूर्वक आखलेली मालिका आहे’

शर्यती जुन्या आहेत. बेलमाँट १८६७ची, प्रीकनेस १८७३ची, डर्बी १८७५ची. पण त्या एकमेकींचा विचार करून जन्मल्याच नाहीत. वेगवेगळ्या शहरांतल्या वेगवेगळ्या लोकांनी त्या सुरू केल्या. १९१७ आणि १९२२ साली तर डर्बी आणि प्रीकनेस एकाच दिवशी झाल्या. काही वर्षं प्रीकनेस आधी आणि डर्बी नंतर असा उलटा क्रम होता. १९३० सालच्या ‘गॅलंट फॉक्स’ने मालिका त्याच क्रमाने जिंकली.

पहिला विजेता ‘सर बार्टन’. १९१९ साली त्याने डर्बी जिंकली आणि अवघ्या चार दिवसांनी प्रीकनेस. मग आणखी एक शर्यत जिंकून तो बेलमाँटला गेला आणि तीही जिंकला. पण त्या दिवशी त्याला कुणी ट्रिपल क्राउन विजेता म्हटलं नाही, कारण हे नाव अमेरिकेत रूढच नव्हतं. ते ‘डेली रेसिंग फॉर्म’चे लेखक चार्ल्स हॅटन यांच्या लिखाणातून १९३०च्या दशकात रुळलं. चांदीचा तीन बाजूंचा चषक तर १९५० साली घडवला गेला आणि मागच्या सगळ्या विजेत्यांना मागाहून देण्यात आला.

पाच आठवड्यांचं आजचं वेळापत्रक पक्कं झालं १९६९ साली. पुढेही ते हललंच. २०२०मध्ये साथीमुळे बेलमाँट सगळ्यात आधी, जूनमध्ये आणि कमी अंतराची झाली, डर्बी सप्टेंबरमध्ये आणि प्रीकनेस ऑक्टोबरमध्ये. बेलमाँट पार्कची इमारत नव्याने बांधायला घेतल्यावर २०२४ आणि २०२५ची बेलमाँट साराटोगाला झाली, तीही सव्वा मैलाची. तेव्हा ‘परंपरेला हात लावू नका’ असं कुणी म्हटलं, तर कुठल्या वर्षीची परंपरा, हे विचारायला हवं.

‘ताज्या घोड्यांनी घात केला’

हा गैरसमज सगळ्यात हट्टी, कारण त्यात थोडं खरंही आहे.

१९७८ साली ‘अफर्म्ड’ने मालिका मारली. त्यानंतर २०१५ उजाडेपर्यंत १३ घोडे पहिल्या दोन शर्यती जिंकून तिसरीपाशी अडले. २०१४ साली ‘कॅलिफोर्निया क्रोम’ हरला तो ‘टोनॅलिस्ट’कडून, आणि टोनॅलिस्ट आधीच्या दोन्ही शर्यतींत धावलाच नव्हता. क्रोमच्या मालकांपैकी एकाने टीव्हीवरच संताप काढला की हा पळपुटेपणा आहे, तिन्ही शर्यती धावणाऱ्यांनाच बेलमाँटमध्ये येऊ द्या. त्यांचं दुःख मला समजतं. पण गेट उघडता उघडता शेजारच्या घोड्याचा पाय क्रोमच्या खुरावर पडला होता आणि त्याच्या टाचेचा तुकडा निघाला होता. तसाच तो दीड मैल धावला. त्या दिवशीची त्याची हिंमत ताज्या-शिळ्याच्या भांडणात हरवून जाते, याची मला खंत आहे.

आता दुसरी बाजू. १९८७ साली ‘अलिशीबा’ला ‘बेट ट्वाइस’ने हरवलं, तेही तब्बल १४ लेंग्थने, म्हणजे चौदा घोड्यांच्या लांबीने, बेलमाँट जिंकून. बेट ट्वाइस डर्बीत दुसरा होता, प्रीकनेसमध्येही दुसराच. १९८९ साली ‘संडे सायलेन्स’ला हरवणारा ‘इझी गोअर’ आधीच्या दोन्ही शर्यतींत दुसरा. आणि रिअल क्वाएटला नाकाने हरवणारा व्हिक्टरी गॅलप? तोही दोन्हीकडे दुसरा. हे तिघेही विजेत्याइतकेच थकलेले होते, तेवढाच प्रवास करून, तेवढ्याच शर्यती धावून आले होते.

मग फरक कुठे पडला? दीड मैलात. अमेरिकेत मातीच्या ट्रॅकवर एवढ्या लांबीच्या मोठ्या शर्यती फारशा होतच नाहीत. बेलमाँटच्या गेटमध्ये उभा असलेला जवळजवळ प्रत्येक घोडा ते अंतर पहिल्यांदा धावणार असतो, आणि बहुतेक जण पुन्हा कधी धावत नाहीत. तिथली पैदास वर्षानुवर्षं वेगासाठी होत आली आहे. सव्वा मैलात ज्या वेगाने जिंकता येतं, तोच वेग लवकर उधळला तर शेवटचा पाव मैल पायांत उरत नाही. थकवा आणि अंतर एकत्र येतात तिथे बेलमाँट ठरते. जॉकीने थोडं लवकर सोडलं, थोडं उशिरा सोडलं, या चर्चेला अर्थ आहे, पण तो या दोन गोष्टींच्या नंतरचा.

‘सेक्रेटेरिएट कधी हरलाच नाही’

१९७३ची बेलमाँट एकदा पाहिलेल्या माणसाला असं वाटणं स्वाभाविक आहे. सेक्रेटेरिएट ती ३१ लेंग्थने, म्हणजे जवळपास ७५ मीटरने जिंकला. वेळ २ मिनिटं २४ सेकंद. मातीवरच्या दीड मैलाचा हा विक्रम पन्नास वर्षांनंतरही टिकून आहे. जॉकी रॉन टरकॉट मान वळवून मागे बघतो आणि मागे कुणीच नाही, हे दृश्य मी कितीतरी वेळा पाहिलं आहे, तरी दर वेळी अंगावर काटा येतो.

पण सेक्रेटेरिएट आयुष्यातल्या पहिल्याच शर्यतीत चौथा आला होता. डर्बीच्या दोन आठवडे आधीच्या वुड मेमोरियलमध्ये तो तिसरा आला आणि डर्बी त्याला झेपेल का, अशी शंका अनेकांनी बोलून दाखवली. ट्रिपल क्राउन जिंकल्यावर त्याच उन्हाळ्यात ‘अनियन’ नावाच्या घोड्याने त्याला हरवलं. एकूण २१ शर्यती, १६ विजय. मालिका पूर्ण करेपर्यंत एकदाही न हरलेला पहिला घोडा म्हणजे १९७७चा ‘सिॲटल स्लू’; दुसरा २०१८चा ‘जस्टिफाय’.

आणि ते प्रसिद्ध हृदय! सेक्रेटेरिएटचं हृदय २२ पौंडांचं, म्हणजे दहा किलोंचं निघालं, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. खरं तर ते तराजूवर चढलंच नाही. १९८९ साली त्याच्या मृत्यूनंतर तपासणी करणारे डॉ. थॉमस स्वेर्चेक यांनी आकार पाहून तो अंदाज केला. पुढे त्यांनी सेक्रेटेरिएटचा प्रतिस्पर्धी ‘शॅम’ याचं हृदय मात्र मोजलं, ते १८ पौंड भरलं, आणि त्याच्याशी तुलना करून २२चा आकडा पुढे आला. शॅमचं नाव इथे यायलाच हवं. डर्बीत दुसरा, प्रीकनेसमध्ये दुसरा, आणि बेलमाँटमध्ये पहिल्या अर्ध्या मैलात सेक्रेटेरिएटच्या बरोबरीने धावून पार मोडून गेलेला, पाचांत पाचवा. दुसऱ्या कुठल्याही वर्षी जन्मला असता तर त्याची चरित्रं लिहिली गेली असती.

‘हल्लीच्या घोड्यांत दम नाही’

हे वाक्य १९७२ सालीही म्हटलं जात होतं. १९४८च्या ‘सायटेशन’नंतर २५ वर्षं कुणालाच मालिका जमली नव्हती. मग सहा वर्षांत तीन विजेते झाले. पुन्हा ३७ वर्षांचा दुष्काळ, आणि २०१५ला ‘अमेरिकन फॅरो’, तीनच वर्षांनी जस्टिफाय. फॅरोचा जॉकी व्हिक्टर एस्पिनोझा त्याआधी दोनदा, २००२ आणि २०१४ला, याच उंबरठ्यावरून परतला होता. इतक्या विरळ घटनेत मोठाले खड्डे पडणारच.

‘घोडीला हे जमणार नाही’

आजवर एकाही घोडीने अमेरिकेची मालिका जिंकलेली नाही, हे खरं. पण तिन्ही शर्यती घोड्यांना खुल्या आहेत तशा घोड्यांच्या बहिणींनाही, पाच पौंड कमी वजनाने. डर्बी तीन घोडींनी जिंकून दाखवली आहे: १९१५ला ‘रिग्रेट’, १९८०ला ‘जेन्युइन रिस्क’, १९८८ला ‘विनिंग कलर्स’. २००७ची बेलमाँट ‘रॅग्ज टू रिचेस’ने मारली, २००९ची प्रीकनेस ‘रेचल अलेक्झांड्रा’ने. आणि आपली पहिली इंडियन डर्बी, १९४३ साली, बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ने जिंकली. तीही घोडीच.

‘मुकुट नाही तर मोठेपण नाही’

‘मॅन ओ’ वॉर’ २१ पैकी २० शर्यती जिंकला. १९२०ची प्रीकनेस आणि बेलमाँट त्याने मारली. डर्बीत तो उतरलाच नाही, कारण मेच्या सुरुवातीला तीन वर्षांच्या घोड्याला सव्वा मैल धावायला लावणं मालक सॅम्युअल रिडल यांना घाईचं वाटत होतं. १९५३चा ‘नेटिव्ह डान्सर’ २२ पैकी एकच शर्यत हरला, आणि ती नेमकी डर्बी. मुकुटधाऱ्यांच्या यादीत हे दोघे नाहीत. माझ्या यादीत ते पहिल्या पाचांत आहेत.

‘महालक्ष्मीची ट्रिपल क्राउन म्हणजे तीच परीक्षा’

आपली मालिका इंग्लंडच्या वळणाची आहे. तिथे न्यूमार्केटला एक मैल, एप्समला दीड मैल, आणि सप्टेंबरमध्ये डाँकास्टरला पावणेदोन मैलांहून थोडं जास्त. १९७०च्या ‘निजिन्स्की’नंतर तिथे कुणालाच हे साधलेलं नाही. आपल्याकडे डिसेंबरमध्ये महालक्ष्मीला १६०० मीटरची इंडियन टू थाउजंड गिनीज, फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी २४०० मीटरची इंडियन डर्बी, आणि सप्टेंबरमध्ये पुण्याला २८०० मीटरची सेंट लेजर. गिनीज धावताना घोडा तीन वर्षांचा असतो, डर्बीपर्यंत चार वर्षांचा मोजला जातो. अमेरिकेत पाच आठवडे घोड्याला दम घेऊ देत नाहीत. आपल्याकडे ट्रेनरला तोच घोडा नऊ महिने शाबूत ठेवावा लागतो. मोतद्दाराने रोज सकाळी त्याचे चारही पाय हाताने चाचपून पाहायचे, कुठे ऊब लागते का, सूज आहे का. रशीद बैरामजींनी तयार केलेला ‘स्क्वॉन्डरर’ सत्तरच्या दशकात यातून पार पडला आणि १९ पैकी १८ शर्यती जिंकून निवृत्त झाला. त्याची तुलना बेलमाँटच्या घड्याळाशी करणं दोन्ही घोड्यांवर अन्याय आहे.

‘माघार म्हणजे भित्रेपणा’

२०१२ साली ‘आय’ल हॅव अनदर’ पहिल्या दोन शर्यती जिंकून बेलमाँटला आला आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याला मागे घेण्यात आलं. पुढच्या पायाच्या कंडरेला दुखापत होती. लोक निराश झाले. पण अर्धा टन वजन जेव्हा पूर्ण वेगात त्या कंडरेवर येतं, तेव्हा काय होऊ शकतं हे ठाऊक असलेल्या माणसासमोर दुसरा मार्गच नव्हता. २०२५ला ‘सॉव्हरेन्टी’ने डर्बी जिंकली आणि ट्रेनर बिल मॉट यांनी त्याला प्रीकनेसला नेलंच नाही. दोन आठवड्यांत पुन्हा धावणं त्याच्या हिताचं नाही, एवढंच कारण होतं. मुकुटाची आशा त्यांनी स्वतःहून सोडली. जूनमध्ये तो ताजातवाना होऊन आला आणि बेलमाँट जिंकला. मॉट यांच्यावर चिडलेल्यांना मी एकच वर्ष आठवायला सांगेन.

१९९९. ‘करिस्मॅटिक’ने पहिल्या दोन जिंकल्या होत्या आणि बेलमाँटमध्ये सरळ पट्ट्यात तो आघाडीवर होता. मग तो मागे पडला, तिसरा आला. रेषेपलीकडे जाताच जॉकी ख्रिस अँटली याला घोड्याच्या पायात काहीतरी मोडल्याचं जाणवलं. लगाम खेचून तो खाली उतरला, घोड्याचा पुढचा डावा पाय त्याने दोन्ही हातांत उचलून धरला आणि पशुवैद्य येईपर्यंत तो जमिनीला टेकू दिला नाही. हाडं मोडली होती. टेकला असता तर घोडा बहुधा वाचला नसता. करिस्मॅटिक त्यानंतर जवळजवळ अठरा वर्षं जगला.